सलोखा चषक

"ए सिद्धोबा, पांढरा वाढू का तांबडा? का आज पाणीसुद्धा गिळंना झालंय?"

हिंदुराव रश्श्याची बादली घेऊन आमच्या पंगतीपुढं उभा होता. त्याच्यामागं चोपडाई तालमीची सगळी पोरं भाकरीच्या पाट्या, भाताची पातेली घेऊन उभी. अंगात अजून केशरी जर्सीच होती. थोड्या वेळापूर्वी उपांत्य सामन्यात त्यांनी आम्हाला एक गोलनं हरवलं होतं, आणि स्पर्धेचा नियमच असा होता की जिंकलेल्यांनी वाढायचं आणि हरलेल्यांनी आधी जेवायचं.

"तांबडा वाढ," माझ्या शेजारचा आमचा गोलकीपर म्हणाला. "आणि बोटं बुडवू नकोस."

"बोटं न्हाई बुडवली. तुमची तालीम बुडवली."

त्यांच्याकडं हशा पिकला. माझ्यासमोर सर्जेराव भाकरी घेऊन आला. गोल त्यानंच केला होता. त्याला अडवायचं काम माझं होतं. तो माझा मेव्हणा, शालनचा धाकटा भाऊ.

"दाजी, दोन घ्या," तो म्हणाला. "लई पळवलं आज तुम्हाला."

"वाढ गप," मी म्हणालो. मला हसू आलं. त्याच्यावर राग धरता येत नसे.

सलोखा चषक तीनच वर्षं चालला. आता कोल्हापुरातही तो फारसा कुणाला आठवत नाही. खऱ्या हंगामाच्या आधी, दिवाळी झाली की, आठ संघांना बोलावून ही फुटबॉलची स्पर्धा व्हायची. हरला तो बाहेर. त्याआधी आमची सिद्धोबा तालीम आणि पलीकडच्या पेठेतली चोपडाई तालीम यांच्यात मैदानातच अशी मारामारी झाली होती की त्या वर्षी पुढचे सामनेच झाले नाहीत. मग गुरुलिंगशेठ नावाच्या गुळाच्या व्यापाऱ्यानं पुढाकार घेतला. दोन्ही पेठांत त्याचं गिऱ्हाईक होतं. तो म्हणाला, आधी नुसतं खेळा, एका पंगतीत जेवा, मग हंगाम बघू. त्यानं एक अट घातली. स्पर्धा संपेपर्यंत हलगी वाजवायची नाही. मैदानातही नाही आणि पेठेतही नाही. कारण आमच्याकडं भांडण हलगीनंच सुरू व्हायचं. जिंकलेली तालीम हलगी लावून हरलेल्यांच्या गल्लीतून मिरवणूक न्यायची, आणि मग दगड यायचे. माझ्या थोरल्या भावानं, दिनकरदादानं, आमच्या तालमीच्या वतीनं शब्द दिला होता. दादा तालमीचा अध्यक्ष होता. तिन्ही वर्षं त्यानं तो शब्द पाळून घेतला. पोरांनी डबा वाजवला तरी तो कानफटात द्यायचा.

हिंदुराव चोपडाईचा हलगीवाला. दिवाळीपासून हलगी खुंटीला, त्यामुळं त्याचे हात शिवशिवत होते. बादली रिकामी झाल्यावर तो ती पालथी घालून तिच्यावर बोटं आपटायला लागला.

"उद्या सकाळी घेऊन येतो बघा हलगी," तो आमच्याकडं बघून म्हणाला. "तुमच्या तालमीच्या दारात. मैदान शेठचं असंल, रस्ता कुणाच्या बाचा न्हाई."

दादा पंगतीच्या टोकाला बसला होता. त्यानं हातातला घास खाली ठेवला.

"आणून बघ, हिंदुराव. फोडून हातात देतो."

"अहो जेवा, जेवा," गुरुलिंगशेठ मधे आला. "चेष्टा करतोय तो."

"चेष्टाच हाय," हिंदुराव म्हणाला. पण बादलीवरची बोटं काही थांबली नाहीत.

मंडपाच्या कडेला खुर्चीवर दत्तोबा वस्ताद बसले होते. चोपडाईची दोन पिढ्यांतली पोरं त्यांनी खेळायला शिकवलेली. दम्यानं ते वाळून गेले होते, कानाला मफलर, मांडीवर काठी. ते कधीच ह्या पंगतीत जेवले नाहीत. ते माझे सासरे.

माझं आणि शालनचं लग्न दोन्ही पेठांना नको होतं. आमच्याकडचे बडबडून गप्प झाले. वस्तादांनी मात्र देवापुढं भंडारा उचलला. आमच्याकडं भंडारा उचलून बोललेला शब्द माणूस मरेपर्यंत मोडत नाही. ते म्हणाले होते, पोरीच्या घरचं पाणी पिणार नाही. त्यानंतर ते आमच्या पेठेत आले नाहीत आणि शालनही त्यांच्यापुढं गेली नाही. सर्जेराव चोरून येऊन भेटायचा. ती त्याला एकच गोष्ट विचारायची, "आबा काही म्हणतात का रं?" तो मान हलवायचा.

त्या दिवशी मैदानावर निघताना तिनं मला सांगितलं होतं, "हरा न्हाईतर जिंका. पण आज आबांना पाणी तरी विचारा. दम लागतो त्यांना."

मी हात धुतला, मैदानावरच्या पिंपातून तांब्या भरला आणि त्यांच्यापुढं जाऊन उभा राहिलो.

"वस्ताद, पाणी."

त्यांनी वर बघितलं. छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

"पिंपातलं हाय?"

"हो. इथलंच."

"मग ठेव खाली. मी माझ्या हातानं घेतो. तुझ्या हातचं नको."

मी तांब्या खाली ठेवला आणि वळलो. तेवढ्यात मागून त्यांनी विचारलं,

"पोरगी बरी हाय का?"

सगळ्या वर्षांत हे पहिल्यांदाच. मी "बरी हाय," म्हणालो.

"हं," ते म्हणाले, आणि वाकून तांब्याला हात लावला.

घरी आल्यावर मी शालनला हे सांगितलं. ती भांडी घासत होती. तिनं राखेचे हात तसेच ठेवले.

"काय विचारलं? परत सांगा."

"पोरगी बरी हाय का."

"पोरगी म्हणाले? का शालन म्हणाले?"

"पोरगी."

"आणि तुम्ही काय म्हणाला?"

"बरी हाय म्हणालो."

"एवढंच? अहो, काय माणूस हाय! आणखी दोन शब्द बोलायचं होतं की." ती रागावली, हसली आणि रडली. सगळं एकदम. मग पातेलं परत घासायला लागली, ते आधीच घासून झालेलं होतं.

दुसऱ्या दिवशी सोमवार होता. मी लेथवर काम करायचो, सोमवारी कारखान्याला सुट्टी. मी उठलो तेव्हा शालननं दारात सडा घातला होता आणि न्हाणीतला बंब पेटवला होता. लाकडं चांगली धरली होती. कॉटवर लग्नातलं हिरवं लुगडं काढून ठेवलेलं.

"कुठं निघालीस?"

"आबांकडं." ती केस विंचरत होती. "त्यांनी विचारलंय म्हटल्यावर मी जायला नको? घरात घेतलं तर बरंच. न्हाईतर दारातनं बघून येतो. पाणी मी घेऊनच जाणार न्हाई. त्यांच्याच माठातलं देईन."

तिनं सगळा विचार करून ठेवला होता. न्यायला दारच्या जास्वंदीची फुलंसुद्धा तोडली होती. आईच्या फोटोला घालायला, म्हणाली.

तेवढ्यात लांबून हलगी ऐकू आली.

गल्लीत लगेच आरडाओरडा सुरू झाला. "आले रे! चोपडाई आली!" दारं आपटली. पोरं तालमीकडं धावली. तालीम आमच्या घराला लागूनच आहे.

"हिंदुराव खरंच आला की," मी म्हणालो. "आता दादा काय ऐकत न्हाई."

शालनचा फणीचा हात केसांतच थांबला होता.

"गप राहा जरा," ती म्हणाली. "ऐका."

मी ऐकलं. मला हलगी म्हणजे हलगी. ती तालमीच्या भिंतीला लागून असलेल्या घरात वाढलेली, हिंदुरावाचा बाप तिच्या दारात बसून हलगी शेकायचा.

"ह्यो नाचायचा ताल न्हवं," ती म्हणाली. "मधी मधी तुटतोय बघा. ह्यो मर्तिकाचा हाय."

"मर्तिक इकडं कशाला येईल? त्यांची नदीची वाट तिकडनं हाय."

हे बोलता बोलताच माझ्या ध्यानात आलं. चोपडाईच्या पेठेतून घाटाकडं जायला आमच्या गल्लीतून यायचं कारणच नव्हतं. वाट वाकडी करून यावं असं त्या गल्लीत एकच घर होतं.

तिच्या हातातली फणी खाली पडली.

"आबा," ती म्हणाली.

मी तसाच अनवाणी बाहेर पळालो. तालमीच्या कट्ट्यावर आणि खाली रस्त्यावर सगळी पोरं जमली होती. दादा कट्ट्यावर पुढं उभा होता, धोतराचा काचा मारलेला.

"दादा, थांबव सगळ्यांना! मर्तिक हाय!"

"कशाचं मर्तिक? तुझी सासुरवाडी म्हणून सोडू का?" दादा ओरडला. "तीन वर्षं शब्द पाळला मी. तीन वर्षं! ते बघ, हिंदुराव दिसतोय की पुढं."

हिंदुराव दिसत होता. आमच्या दाराच्या थोडं पुढंच गल्लीला वळण आहे. वळणावर तो आला होता, गळ्यात हलगी, डोक्याला केशरी फडकं. त्याच्यामागं माणसं. त्याहून मागचं काही दिसत नव्हतं. मी दोन्ही हात वर करून त्यांच्या दिशेनं पळत सुटलो. जवळ गेल्यावर मला हिंदुरावाचं तोंड दिसलं. तो रडत होता. रडत वाजवत होता. त्याच्यामागं सर्जेराव ओल्या धोतरात, उघड्या अंगानं, हातात दोरीला बांधलेलं विस्तवाचं मडकं. आणि मग वळणावरून तिरडी आली.

माझ्या डोक्यावरून काहीतरी गेलं. मग मडकं फुटल्याचा आवाज आला.

दगड हलगीवर मारलेला असणार. तो मडक्याला लागला. खापऱ्या आणि निखारे रस्त्यावर सांडले, आमच्याच दारापुढं. शालननं घातलेला सडा अजून ओला होता. निखारे चर्र चर्र वाजले आणि काळे पडले.

हलगी थांबली. सर्जेरावाच्या हातात नुसती दोरी लोंबत होती. तो त्या दोरीकडंच बघत होता.

मग त्यांच्याकडची पोरं पुढं सरसावली. कुणीतरी शिवी दिली. तिरडी हलली, खांदा देणाऱ्यांतल्या एकानं हात सोडला होता. पुढं काय झालं असतं ते मला आजही डोळ्यापुढं आणवत नाही. घाटावर एकाच्या जागी किती गेले असते कोण जाणे.

"विसावा इथंच द्या," शालन म्हणाली.

ती दारात उभी होती. केस मोकळे. आवाज मोठा नव्हता, पण सगळ्यांनी ऐकला. मर्तिक नेताना वाटेत एकदा तिरडी खाली टेकवतात, त्याला विसावा म्हणतात. त्यांचा विसावा नदीच्या वाटेवर ठरलेला होता.

"आक्का..." सर्जेराव म्हणाला.

"खाली ठेवा म्हणतो मी. खांदे दुखले असतील तुमचे."

त्यांनी तिरडी आमच्या उंबऱ्यापुढं ठेवली. ती खाली बसली आणि वस्तादांच्या तोंडावरचा मफलर नीट केला. कुणीतरी तो तसाच गुंडाळून आणला होता.

"पहाटं गेले," सर्जेराव म्हणाला. "रात्री बरे व्हते. गोल कसा मारला ते तीनदा सांगायला लावलं. पहाटं दम लागला. म्हणाले, नेताना पोरीच्या दारावरनं न्या. जित्तेपणी न्हाई जमलं म्हणाले. आक्का, मी निरोप पाठवला व्हता. धनाजीला पाठवलं सायकलवर."

"न्हाई आला कोणी."

"आलता," आमच्याकडचा एक पोरगा मागून म्हणाला. "कोपऱ्यावर आलता. अंगात त्यांची जर्सी व्हती. वहिनींना भेटायचंय म्हणाला. आम्हाला वाटलं, डिवचायला आलाय. आम्ही हाकललं."

कालची जर्सी अंगातून काढायलाही त्या धनाजीला सुचलं नव्हतं. आणि मरणाची बातमी घरच्यांच्या आधी परक्याला सांगायची नसते, म्हणून तो कोपऱ्यावर काही बोलला नव्हता.

शालन उठून आत गेली आणि पाण्याचा तांब्या घेऊन आली. मेलेल्या माणसाच्या तोंडात लेक पाणी घालते. ती तिरडीशी बसली, पळी भरली, आणि तिचा हात तिथंच थांबला. तिनं पळी परत तांब्यात सोडली.

"न्हाई," ती म्हणाली. "माझ्या घरचं पाणी पीत न्हाईत ते."

तिनं तो तांब्या बाजूला ठेवला. त्यांच्याकडच्या बायका नव्हत्या, सगळे पुरुषच होते, पण त्यातले कितीतरी डोळे पुसायला लागले. दत्तोबांचे चुलतभाऊ म्हणून एक म्हातारे होते, ते पुढं झाले.

"पोरी, मर्तिक मागं फिरवता येत न्हाई. आणि इस्तू तर सांडला. आता घरनं आणायचा तर..."

"मी देतो," शालन म्हणाली. "बंब पेटलाय माझा."

म्हाताऱ्यांनी मान हलवली. म्हणाले, "लेकीच्या सासरचा इस्तू बापाला चालत न्हाई. आणि ह्या पेठेचा? दत्तोबा आयुष्यभर..."

"काका," ती म्हणाली, "आबांनी भंडारा उचलला तेव्हा मी तिथंच व्हतो. पाणी पिणार न्हाई म्हणाले. इस्तवाचं नाव त्यांनी घेतलं न्हाई."

म्हातारे सर्जेरावाकडं बघायला लागले. सगळेच त्याच्याकडं बघायला लागले. अग्नी द्यायचा हक्क त्याचा. तो नको म्हणाला असता, तर त्या दिवसापासून शालनचं माहेर संपलं असतं. शालन त्याच्याकडं बघतच नव्हती. ती खाली मान घालून वाट बघत होती. सर्जेराव एकदा आमच्या तालमीकडं बघायचा, एकदा खापऱ्यांकडं. कालपर्यंत ज्याला मी अडवू शकलो नव्हतो, तो मला त्या वेळी अगदी लहान वाटला.

"आण, आक्का," तो म्हणाला.

तिनं आमचं दही लावायचं मडकं रिकामं केलं. बंबाखालचे निखारे उलथण्यानं त्यात भरले, वर शेणकुटाचा तुकडा ठेवला. मी दोरी बांधून दिली. सर्जेरावाच्या हातात तिनं ते दिलं आणि म्हणाली, "कडंला धरू नकोस. भाजंल."

हिंदुराव हलगी काखेत घेऊन उभा होता. ती त्याला म्हणाली, "थांबलास का? वाजव."

"आक्का, काल मी चेष्टेत..."

"वाजव. आबांना आवडायची तुझी हलगी."

तिरडी उठली. आमच्या तालमीसमोरून हलगी वाजत गेली आणि आमची सगळी पोरं हात जोडून, खाली बघत उभी राहिली. मी खांदा दिला. शालन गल्लीच्या टोकापर्यंत आली आणि तिथून माघारी वळली.

घाटावरून मी परत आलो तेव्हा तिनं दार झाडून घेतलं होतं. खापऱ्या गेल्या होत्या. काळे डाग राहिले होते. दुपारी पोलीस आले. त्यांनी पोरांना विचारलं, कुणी बघितलं नव्हतं. दादाला विचारलं. अध्यक्ष म्हणून तो सगळं ऐकत हवालदाराशेजारीच उभा होता. मग हवालदारानं शालनला विचारलं.

"तुम्ही दारात होता. दगड कुठून आला? कुणी मारला?"

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला.

"माझं लक्ष आबांकडं होतं."

"दगड तरी कुठाय?"

"दिसला न्हाई," ती म्हणाली.

अंतिम सामना झालाच नाही. चोपडाईनं खेळायला नकार दिला, समोरच्या संघानं तसाच चषक घेणार नाही म्हणून सांगितलं. गुरुलिंगशेठनं स्पर्धा बंद केली. चषक त्याच्या दुकानात गुळाच्या ढेपांमागं काचेच्या कपाटात होता. पुढं दुकान मोडलं, चषकाचं काय झालं माहीत नाही. मी खेळणं सोडलं. दादानं अध्यक्षपद सोडलं, आणि सगळ्यांना वाटलं की शब्द मोडल्याच्या दुःखानं सोडलं.

उन्हाळ्यात शालननं लोणचं घातलं. बरणीच्या तोंडाला फडकं बांधलं, झाकण ठेवलं आणि झाकणावर मुठीएवढा काळा दगड ठेवला. मी दगडाकडं बघितलं.

"हा तो हाय का?"

"हो," ती म्हणाली. "वजनाला बरा हाय."

मला वाटलं, बापाची शेवटची आठवण. मी पुढं विचारलं नाही.

दादाची बायको लवकर गेली. दादा आमच्यातच जेवायचा, स्वयंपाकघरात, बरणीच्या समोर. शालननं त्याला कधी थंड भाकरी वाढली नाही. त्याच्या आजारपणात त्याचं सगळं तिनं केलं. फक्त लोणचं तो खात नसे. पित्त होतं म्हणायचा. शालन तरी रोज त्याच्या ताटात एक फोड वाढायची. तो रोज ती बाजूला सारायचा. मी एकदा म्हणालो, "अगं, खात न्हाई तर वाढतेस कशाला?" ती म्हणाली, "ताटाला डावी बाजू नको?" असं वर्षानुवर्षं चाललं. बरणी बदलली, घर बदललं, चुलीचा गॅस झाला. दगड तोच.

ह्या श्रावणात शालन गेली. फार दिवस पडून नव्हती. तिच्या अंगावर माहेरचं लुगडं सर्जेरावानं घातलं, तो आता काठी घेऊन चालतो. येताना तो दुसऱ्या हातात मडकं घेऊन आला होता. त्यात विस्तव होता, त्याच्या घरचा. म्हातारे कुणी उरले नव्हते, त्यामुळं चालतं का नाही हे कुणी विचारलं नाही. हलगी सांगायची का, असं गल्लीतल्या पोरांनी विचारलं. मी नको म्हणालो.

तेराव्याचं जेवण झालं, पाहुणे गेले. आमची मुलगी बाहेर भांडी आवरत होती. मी स्वयंपाकघरात एकटाच बसलो होतो. दादा आत आला. भिंतीला धरत धरत तो फडताळापाशी गेला आणि बरणीवरचा दगड त्यानं दोन्ही हातांनी उचलला.

"ह्यो मी घेऊन जातो, मध्या. नदीत सोडतो."

"कशाला?"

"तिनंच सांगितलेलं." त्याला उभं राहवेना. तो दगड मांडीवर घेऊन खाली बसला. "तेव्हाच सांगितलेलं, पहिलं लोणचं घातलं त्या दिवशी. म्हणाली, दादा, मी हाय तवर दगड इथं राहील. माझ्यामागं तुमचा तुम्ही काढा."

"तुमचा म्हणजे?" मी विचारलं.

"तिनं बघितलं व्हतं मला," दादा म्हणाला. "दारात उभी व्हती ती. मी हात मागं घेतला तेव्हाच तिची नजर माझ्यावर व्हती. मला वाटलं पोलिसांना सांगंल. मग वाटलं तुला सांगंल. रोज वाटायचं, आज सांगंल. न्हाई सांगितलं?"

"न्हाई."

"कधीच?"

"कधीच न्हाई."

दादा रडला नाही. त्याचा जबडा नुसता हलत होता. म्हातारपणानं की कशानं, सांगता येत नाही. बाहेर नळाचा आवाज येत होता. शालन असती तर तिनं नळ बंद कर म्हणून हाक मारली असती.

"जेवलास का?" मी विचारलं.

"न्हाई. घास उतरंना."

मी ताट घेतलं. भात, आमटी, भाकरी वाढली. मग बरणीचं झाकण काढलं. ह्याच वैशाखात घातलेलं लोणचं, तिच्या हातचं शेवटचं. अर्ध्याच्या वर शिल्लक होतं. मी एक फोड त्याच्या ताटात डाव्या बाजूला वाढली.

दादानं फोडीकडं बघितलं. मग त्यानं दगड खाली जमिनीवर ठेवला, भाकरीचा तुकडा मोडला, फोडीला लावला आणि खाल्ला. सावकाश चावला.

"आंबट झालंय का?" मी विचारलं.

"न्हाई," दादा म्हणाला. "बरं झालंय."

त्यानं सगळी फोड खाल्ली, सालसुद्धा. मी बरणीचं फडकं परत बांधलं, झाकण लावलं, आणि जमिनीवरचा दगड उचलून वर ठेवला.

"राहू दे," मी म्हणालो. "लोणचं अजून हाय."